२०० लिटर रीफ टँक (खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांचा) : वाळूवरचा लाल थर काढला तरी परत येतोय

टिळकवाडी_रीफ
कोरड्या दगडावर सुरू केलेला टँक, आठ महिने झाले. वाळूवर किरमिजी, गुळगुळीत थर. दुपारी त्यावर बुडबुडे धरतात, नळी लावली की पापुद्रा सुटून येतो. नायट्रेट ०, फॉस्फेट ०.१५ पीपीएम. वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) एकच. पाणी घरच्या आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ३८. दुकानदार एरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) टाका म्हणतोय. टाकू का?

खारं_पाणी
नको. हा थर सायनोचा (सायनोबॅक्टेरिया), म्हणजे बॅक्टेरियाच, त्यामुळे गोळीनं मरेल. पण नायट्रिफाय करणाऱ्या (अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या) बॅक्टेरियांनाही फटका बसू शकतो आणि कारण तसंच राहतं.

आधी आरओ उघडून बघा. घरगुती मशीनला पाण्याची चव राखायला टीडीएस कंट्रोलर असतो. तो मेम्ब्रेनला (आरओच्या गाळणीच्या पडद्याला) वळसा घालून आलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो, म्हणजे राकसकोप धरणाचं असो वा हिडकलचं, नळातलं फॉस्फेट-सिलिकेट थेट टँकमध्ये. मेम्ब्रेनमधून पाणी बाहेर पडतं तिथेच टी जोडून वेगळी लाइन काढा, पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचं) हाउसिंग लावा. टीडीएस मीटरवर ० यायला हवं. १-२ दिसायला लागलं की रेझिन बदलायचं.

थर ६ मिमीच्या एअरलाइन नळीनं ओढा, दिवे लागल्यावर तीन-चार तासांनी. पहाटे तो विरळ असतो, हाती कमी लागतो. ओढलेलं पाणी संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) सोडू नका, फेकाच. तेवढंच नवं मिठाचं पाणी भरा, एका वेळी १०-१५ टक्के. दुसरा वेव्हमेकर समोरच्या काचेवर, वाळूलगत. एकूण प्रवाह तासाला ४ ते ६ हजार लिटर.

निपाणीकर७
वरचं सगळं बरोबर, पण खरी गोम नायट्रेट ० ही आहे. काही सायनो पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूच वापरतात; नायट्रेटवाचून अडतं ते बाकीच्यांचं. ते ५ पीपीएमच्या आसपास आणा. २०० लिटरला २ पीपीएम वाढवायला ०.६५ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट, आरओच्या पाण्यात विरघळवून. दुसऱ्या दिवशी मोजा, मगच पुढचा डोस. कृषी केंद्रातलं १३:०:४५ म्हणजे तेच, तरी लॅब ग्रेड घ्या. खताच्या पोत्यात अजून काय असेल सांगता येत नाही.

टिळकवाडी_रीफ
मग फॉस्फेटसाठी जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) भरून टाकू का?

निपाणीकर७
थोडं, दोन-तीन चमचेच, आणि दर दोन दिवसांनी मोजत. ०.०५ला थांबा. नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेलं की डायनो (डायनोफ्लॅजेलेट, सूक्ष्म एकपेशीय जीव) येतात, त्यापेक्षा सायनो परवडले. तपकिरी, शेंबडासारखे लोंबणारे धागे दिसले आणि गोगलगायी मरू लागल्या तर आधी मायक्रोस्कोप, औषध नंतर.

खारं_पाणी
एवढं करून महिन्यानंही थर राहिला तरच केमिक्लीन (सायनोवरचं तयार औषध). फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही दिवा बंद, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) उतू जातो म्हणून कप काढून ठेवा. ४८ तासांनी २० टक्के पाणी बदला. मरणारा थर ऑक्सिजन खातो, त्यामुळे एअर स्टोन पूर्ण वेळ हवाच. उन्हाळ्यात तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असल्याशिवाय डोस टाकूच नका. लाइट रात्री दोन-तीन तास गेली तर मासे आधी जातील.