मिनी यूपीएसवर नॅस टक्-टक् करतोय. डिस्क गेल्या का?

वाघबीळवासी
नमस्कार मंडळी. ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. घरी दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कवर फाइली साठवायचा डबा) आहे, ४-४ टीबी, एकीवरचं सगळं आपोआप दुसरीवर. बाबांच्या कॅमेऱ्याच्या १९७८ पासूनच्या निगेटिव्ह मी दोन वर्षं बसून स्कॅन केल्या, त्या यातच आहेत. इन्व्हर्टरची लाइन पंखे-दिव्यांना आहे, नॅस टीव्हीमागे कपाटात आहे, तिथल्या बोर्डाला नाही. म्हणून राउटरसाठी मिळतो तो १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घेतला. नॅसच्या अडॅप्टरवरही १२ व्होल्टच लिहिलंय आणि पिनही बसली. दुकानदार म्हणाला, "दादा, बिनधास्त लावा." जूनपासून तसंच चाललंय. पण आता लाइट गेली की आतून 'टक्… टक्' येतं, डिस्क फिरायला लागते आणि परत थांबते. डिस्क गेल्या का? आणि रात्री बंद ठेवल्या तर जास्त टिकतील का?

रबाळे रिटायर्ड
आधी नॅस मेन्यूतून नीट बंद करा, मिनी यूपीएसची पिन काढा, मूळ अडॅप्टर लावा. मग पुढचं वाचा.

पिन बसली म्हणजे सोयरीक जमली असं नसतं. व्होल्ट जुळले, अँपिअर कोण बघणार? ३.५ इंची डिस्क एकदा फिरायला लागली की पाच-सहा वॉटवर भागवते. पण थांबलेली तबकडी वेगात आणताना पहिले काही सेकंद एकेक डिस्क १२ व्होल्टच्या लाइनवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. दोघी एकदम उठल्या की चार. मिनी यूपीएसला तेवढा दम नसतो. व्होल्टेज बसतं, डिस्क थांबते, भार उतरतो, व्होल्टेज वर येतं, डिस्क परत उठायला बघते. आमच्या कारखान्यात बारीक केबलवर जोडलेला कंप्रेसर अगदी असाच कण्हायचा. ३१ वर्षं मेंटेनन्सला होतो, तो आवाज अजून कानात आहे. शिवाय त्या डबीत लिथियमचे सेल असतात, ताकदीबाहेर ओढलं की तापतात. टीव्हीमागे, लाकडी कपाटात!

आता 'टक्'. चालू डिस्कमध्ये वाचणारे-लिहिणारे हेड तबकडीला टेकत नाहीत, हवेच्या पातळ थरावर तरंगतात. करंट अचानक तुटला की फिरत्या तबकडीच्या उरलेल्या वेगातूनच वीज काढून हेड घाईघाईने जागेवर नेले जातात. नेहमीच्या पार्किंगपेक्षा हा दणका मोठा. बऱ्याच डिस्क तो मोजून ठेवतात. स्मार्टच्या यादीत, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिथे, १९२ नंबर बघा. सोबत ५ (खराब म्हणून बदललेल्या जागा) आणि १९७ (संशयास्पद जागा) सांगा. ते दोन शून्य असतील तर आज रात्री झोपा.

सानपाडा_लोकल
मी रोज रात्री बंद करते. वीस वॉट धरले तरी चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला जवळपास साडेचौदा युनिट होतात, त्यातले रात्रीचे फुकट कशाला? चार वर्षं झाली, काही बिघडलं नाही.

रबाळे रिटायर्ड
ताई, दिवसातून एकदा बंद-चालू केल्याने डिस्क मरत नाही, तुमचं बरोबर आहे. मरते ती दर दहा मिनिटांनी झोपवणाऱ्या सेटिंगने. मी स्वतः पावसाळ्यात चालूच ठेवतो. ऐरोलीला खाडीची दमट हवा, आत जरा ऊब असलेली बरी. हे माझं मत, नियम नव्हे.

वाघबीळकर, तुम्ही साधा ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हेत, साधारण ३६० समजा. तुमचा नॅस आणि राउटर मिळून पन्नासही खाणार नाहीत. पण मागे यूएसबीचं डेटा पोर्ट आहे का, हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलना ते नसतं. ती वायर नॅसला लावली की लाइट गेल्याचं नॅसला कळतं आणि तो पाच मिनिटांत लिहिणं संपवून स्वतः बंद होतो. वायर नसेल तर यूपीएस फक्त मरण अर्ध्या तासाने पुढे ढकलतो. १२ ऑक्टोबर २०२० आठवतंय? मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे सकाळी दहाच्या सुमारास लाइट गेली आणि कित्येक तास आली नाही. घरगुती बॅटरी तिथे काय पुरणार?

लाइट येताना दोन-तीनदा डोळे मिचकावते, म्हणून 'वीज येताच आपोआप चालू' हे सेटिंग बंद ठेवा. बॅटरी दोन-तीन वर्षांची सोबतीण, बंद कपाटात त्याहून कमी. चाचणी घ्यायची तर बोर्डावरचं बटण बंद करा, थ्री-पिन उपटू नका, अर्थिंगही तुटतं. आणि दोन्ही डिस्क एकाच अडॅप्टरवर आहेत, म्हणजे एका झटक्यात दोन्ही जाऊ शकतात. बाबांच्या निगेटिव्हची तिसरी प्रत दुसऱ्या घरात हवी.

वाघबीळवासी
काका, मिनी यूपीएसच्या मागे बारीक अक्षरात २ अँपिअर लिहिलंय. नॅसच्या अडॅप्टरवर ५. मला दिसलंच नव्हतं. १९२ चे आकडे ३११ आणि ३०८. ५ आणि १९७ दोन्हीकडे शून्य.

रबाळे रिटायर्ड
मग झोपा.

वाघबीळवासी
अपडेट. यूपीएस आला, वायर लावली. सगळं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून बहिणीकडे कोपरखैरणेला ठेवून आलो. काल १०:२० ला लाइट गेली, १०:२५ ला नॅस गुपचूप बंद. लाइट दोनदा येऊन गेली, हा ढिम्म. दुपारी मीच चालू केला. १९२ अजून ३११ आणि ३०८ वरच आहे.

पण तुम्ही अर्थिंग म्हणालात म्हणून वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला, तर तिसऱ्या भोकाला वायरच आलेली नाही! शनिवारी भिंत फोडायची म्हणतोय. आईला अजून सांगितलेलं नाही.