ब्लेंडर: पॅनेलची मांडणी कायम कशी ठेवायची?

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. ब्लेंडर ४.२ (थ्रीडी मॉडेल्स करायचं सॉफ्टवेअर), विंडोज.

फर्निचरची मॉडेल्स करते. डावीकडे मोठा थ्रीडी व्ह्यू, उजवीकडे वर आउटलायनर (सीनमधल्या वस्तूंची यादी), त्याखाली प्रॉपर्टीज आणि तळाला शेडर एडिटरची (मटेरियल बनवायच्या पॅनेलची) पट्टी, अशी मांडणी करून तिच्या टॅबला (ब्लेंडरमध्ये यालाच वर्कस्पेस म्हणतात) 'लाकूडकाम' नाव दिलंय. पण सहकाऱ्याची फाईल उघडली की माझा टॅब गायब, त्याचे सगळे टॅब हजर, शिवाय अर्धा स्क्रीन टाइमलाइननं (अ‍ॅनिमेशनच्या पट्टीनं) खाल्लेला! नवीन फाईल घेतली की पुन्हा मूळ मांडणी. फोटोशॉपमध्ये वर्कस्पेसला नाव देऊन सेव्ह करता येतं, तसं इथे काही सापडेना. प्रेफरन्सेस सेव्ह केल्या, तर थीम आणि शॉर्टकट तेवढे टिकले.

प्रतिसाद १
तसं वेगळं बटण नाही, कारण मांडणी ब्लेंड फाईलमध्येच (ब्लेंडरच्या कामाच्या फाईलमध्येच) साठवली जाते. दुसऱ्याची फाईल उघडताना ओपनच्या खिडकीत वर उजवीकडे गिअरचं चिन्ह आहे, तिथे 'लोड यूआय'ची (फाईलमधली मांडणी उघडण्याच्या पर्यायाची) खूण काढा. कायमचं हवं असेल तर प्रेफरन्सेसमध्ये 'सेव्ह अँड लोड'खाली हाच पर्याय आहे.

नवीन फाइलींसाठी: फाईल > न्यू > जनरल घ्या, हवी तशी मांडणी लावा, मग फाईल > डिफॉल्ट्स > सेव्ह स्टार्टअप फाईल. चालू कामाच्या फाईलमधून हे अजिबात करू नका. सीनमध्ये जे असेल ते सगळं सेव्ह होतं, मग प्रत्येक नव्या फाईलमध्ये तेच कपाट उभं! (तो सुरुवातीचा क्यूब नको असेल तर आधीच उडवा.)

प्रतिसाद २
'लाकूडकाम' आधीच्या एखाद्या फाईलमध्ये असेल तर पुन्हा बनवत बसू नका. फाईल > अपेंड (दुसऱ्या फाईलमधली गोष्ट चालू फाईलमध्ये आणायची सोय), ती फाईल निवडा, आत वर्कस्पेस नावाचं फोल्डर दिसेल, त्यातून उचला.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! अपेंड जमलं, स्टार्टअपही झालं. एक शंका: लोड यूआय बंद ठेवून सहकाऱ्याची फाईल उघडली आणि सेव्ह केली, तर त्याचे टॅब राहतात का?

प्रतिसाद १
नाही, त्या फाईलमध्ये तुमची मांडणी जाते. त्यालाही लोड यूआय बंद करायला सांगा. तो ऐकणारा नसेल तर 'सेव्ह अ‍ॅज' करून वेगळ्या नावानं ठेवा.