प्रतिसाद: गाऊन पांढराच हवा का?

चर्चमधल्या लग्नात हिंदू पाहुण्यांनी काय करावं, या प्रश्नावर कुणीतरी लिहिलंय की पांढऱ्या गाऊनशिवाय चर्चमध्ये लग्नच लावत नाहीत. तसं काही नाहीये. कॅथलिक चर्चच्या कायद्यात नवरीच्या कपड्यांच्या रंगाचा नियमच नाही. पांढऱ्याची फॅशन पसरली ती १८४० साली व्हिक्टोरिया राणीने लग्नात पांढरा पोशाख घातल्यानंतर. साडी नेसून अल्टरपुढे, म्हणजे चर्चमधल्या वेदीपुढे, उभ्या राहिलेल्या नवऱ्या आपल्याकडेही आहेतच की.

गोव्यात तर लाल रंगालाही मान आहे. सासरकडून येणारा लाल पोशाख, म्हणजे 'सादो'. आणि चुडा! माझ्या मडगावच्या मैत्रिणीला मामाकडे बसवून काकणं भरली होती. हिरवी, पिवळी, लाल, कोपराकडे सरकत गेलेली. दुसऱ्या दिवशी पांढऱ्याशुभ्र गाऊनवर तोच चुडा किणकिणत होता. लग्नाआधी 'रोस' हा विधी, आपल्या हळदीसारखाच, फक्त हळदीऐवजी नारळाचं दूध. पाहुण्यांनी जुने कपडे घालून जावं, माझा नवा कुर्ता त्यात गेला.

मूळ प्रश्न होता की हिंदू पाहुण्यांनी चर्चमध्ये काय करावं. खांदे झाकलेला कुठलाही नीटनेटका पोशाख चालतो, पांढरा गाऊन तेवढा नवरीसाठी सोडा. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, गुडघे टेकायची सक्ती नाही. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकरी घ्यायच्या, रांगेत मात्र प्रसाद समजून जाऊ नका, ते फक्त कॅथलिकांसाठी असतं. बाकावर बसून राहिलात तरी कुणाला वाईट वाटत नाही.

आणि हो, तारीख ठरवताना लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, दिवस बघा. त्या काळात शक्यतो लग्नं टाळतात.