सहा वर्षांच्या मुलीला रोज एक प्रकरण: ‘श्यामची आई’ इतक्यात नको!

रातराणी: लेकीला नुकतं सहावं लागलंय. चित्रांची पुस्तकं भरपूर झाली, ‘राधाचं घर’ तर तिला तोंडपाठ आहे. आता झोपताना रोज एक प्रकरण असं मोठं पुस्तक सुरू करायचंय. सासूबाई म्हणतात, ‘श्यामची आई’ काढ. प्रकरणांना नावच ‘रात्र’, अशा ४२ रात्री, दीड महिन्याची सोय झाली. मला हे पटत नाही. त्यात धाकटा यशवंत जातो, शेवटी आईच जाते. पोहायला जात नाही म्हणून श्याम मार खातो. दिवा मालवायच्या आधी पोरीच्या मनात हे ठेवून मला उठायचं नाही. मी ‘फास्टर फेणे’ घेणार. तुमचं काय मत?

आजोळ: साफ असहमत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे लिहिलं, आणि त्याची बांधणीच सांगण्याची आहे. संध्याकाळी आश्रमातली मंडळी जमतात, श्याम आठवण सांगतो. वाक्यं तोंडात किती सहज बसतात ते एकदा मोठ्याने वाचून बघा. आणि मार तेवढा आठवला, त्यानंतर आईच्या डोळ्यांत आलेलं पाणी विसरलात?

रातराणी: विसरले नाही. पण आईचं पाणी समजायला मोठं व्हावं लागतं. सहाव्या वर्षी माराची शिंपटीच लक्षात राहते. माझ्या तरी तीच राहिली होती.

दोन_पिल्लं: मी मुलगा सहा वर्षांचा असताना सगळं नाही, निवडून वाचलं. ‘थोर अश्रू’मध्ये अंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम आईला लुगड्याचा ओचा पसरायला लावतो. ‘ओचा’ मला ओढणी पसरून दाखवावा लागला. दुसऱ्या दिवशी साहेब न्हाणीघरातून हाका मारताहेत, “आई, ओचा!” मग मीही श्यामच्या आईचं वाक्य म्हटलं: पायांना जपतोस तसं मनाला जप. त्याने विचारलं, मनाला घाण कशी लागते? त्या रात्री आम्ही पुढे वाचलंच नाही, बोलत राहिलो.

आजोळ: निवडून वाचणं मला मान्य नाही. शेवट ठाऊक नसेल तर आधीच्या रात्रींची किंमत कशी कळणार?

दोन_पिल्लं: दहाव्या वर्षी कळेल. पुस्तक कपाटातून कुठे जात नाही.

परदेशी_पाखरू: आमच्याकडे अडचण वेगळीच. सिंगापूरला वाढणाऱ्या मुलीला दर ओळीला शब्द समजावत बसलं की गोष्ट मरते. फेणेवर मात्र ती जाम खूश. फुरसुंगीचा बनेश फेणे जीभ टाळूला लावून ‘ट्टॉक’ करतो, ते काम तिचं! मी त्या जागी थांबते, ती आवाज काढते. भा. रा. भागवतांच्या गोष्टीत धावपळ एवढी की एखादा शब्द अडला तरी पोर पुढे ओढलं जातं. आई-मुलीने मिळून वाचायला हेच हवं.

शाळेतली_ताई: धावपळीची गोष्ट जरूर वाचा, पण मुलांना मरणापासून लांब ठेवायचं म्हणून नको. मी वर्गात ‘तोत्तोचान’ वाचते, एका जपानी मुलीच्या शाळेची गोष्ट. प्रकरणं दोन-चार पानांची, आगगाडीच्या डब्यात भरणारी शाळा, पहिल्याच दिवशी चार तास मुलीचं ऐकून घेणारे मुख्याध्यापक. पोलिओ झालेल्या यासुआकीला ती शिडी लावून झाडावर चढवते, तिथे वर्ग श्वास रोखून बसतो. पुढे तोच यासुआकी जातो. तेव्हा मुलं गप्प झाली, एकीने आपल्या आजोबांचं सांगितलं. घाबरलं कुणी नाही. आधी महिनाभर तो त्यांचा मित्र झाला होता ना!

रातराणी: ताई, वर्गात तीसजण एकमेकांना धरून असतात. इथे अंधारात ती आणि मी. आई जाते ही गोष्ट आईच्याच तोंडून? नाही जमणार मला. ‘थोर अश्रू’ मात्र उद्या नक्की वाचते, ओढणी काढून ठेवलीय. परवापासून फेणे.

आजोळ: मग शेवटची रात्र आजीला वाचू द्या.