रबाळ्याहून हॅस्टेलॉय रिअ‍ॅक्टर दुबईच्या ट्रेडरला: स्कोमेट (दुहेरी वापराच्या मालाची निर्यात परवानगी) लागेल का?

टीटीसी_फॅब:
रबाळे एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन युनिटसाठी विचारतोय. ऑर्डर अशी: ५०० लिटरचा सी-२७६ (हॅस्टेलॉय, निकेलचा मिश्रधातू) रिअ‍ॅक्टर एक, अ‍ॅजिटेटरसकट. सी-२७६ ट्यूबचा ४ चौरस मीटरचा कंडेन्सर एक. ५० एमएमचे पीटीएफई (टेफ्लॉन) लाइन्ड व्हॉल्व्ह सहा, हे बाहेरून विकत घेऊन देणार. पीओ (खरेदी ऑर्डर) दुबईच्या ट्रेडरचा आहे, माल लागणार तिसऱ्याच देशात. सीएचए (कस्टम्स एजंट) म्हणतो, एचएस कोड (मालाचा कस्टम्स कोड) ८४१९ आहे, फ्री आयटम आहे, न्हावा शेवाहून बिनधास्त जाईल. पार्टीला सहा आठवड्यांत शिपमेंट हवी आहे. एलसी (बँकेचं पतपत्र) उघडायच्या आधी नक्की काय तपासायचं?

नोझल_आणि_फ्लँज:
एचएस कोडवरून स्कोमेट ठरत नाही. ८४१९ मध्ये दुधाचा पाश्चरायझरही येतो आणि तुमचा रिअ‍ॅक्टरही. डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालय) आयटीसी (एचएस) शेड्यूल २ च्या अपेंडिक्स ३ मध्ये स्कोमेटची यादी आहे, तिचा ३डी भाग उघडा. केमिकल प्लांटची उपकरणं तिथे आहेत आणि निकष ऑस्ट्रेलिया ग्रुपच्या (रासायनिक-जैविक अस्त्रांचा प्रसार रोखणाऱ्या देशांचा गट) यादीशी जुळवलेले आहेत.

प्रश्न दोनच: केमिकलला लागणारा पृष्ठभाग कशाचा, आणि आकार किती.

रिअ‍ॅक्टर १०० लिटरपेक्षा जास्त आणि २०,००० पेक्षा कमी असेल तर आकाराने यादीत बसतो. यात मोजायचा तो पूर्ण भौमितिक व्हॉल्यूम, वर्किंग नव्हे. नेमप्लेटवर '८० लिटर' लिहिलेलं भांडं डिश एंड (भांड्याची फुगीर टोकं) आणि नोझल धरून १०० च्या वर जाऊ शकतं, तिथे लोक फसतात. हीट एक्स्चेंजर ०.१५ ते २० चौरस मीटरच्या दरम्यान. व्हॉल्व्ह १० एमएमपेक्षा मोठा.

मटेरियल: ४० टक्क्यांहून जास्त निकेल असलेले मिश्रधातू, २५ टक्क्यांहून जास्त निकेल आणि २० टक्क्यांहून जास्त क्रोमियम, दोन्ही एकत्र असलेले, शिवाय काच किंवा ग्लास लाइनिंग, फ्लोरोपॉलिमर, टँटलम, टायटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम. सी-२७६ मध्ये क्रोमियम साधारण १६ टक्के, म्हणून २५-२० च्या कसोटीत तो बसत नाही. पण निकेल ५७ च्या आसपास, त्यामुळे ४० च्या कसोटीत अडकतोच. रिअ‍ॅक्टर, अ‍ॅजिटेटर, कंडेन्सर तिन्ही आत. पीटीएफई हा फ्लोरोपॉलिमरच, म्हणजे व्हॉल्व्हही आत. विकत आणले म्हणून सुटका नाही, एक्स्पोर्टर तुम्ही आहात.

घणसोली_क्यूए:
मटेरियलबाबत एक भर. ३१६एल सरळ बाहेर (निकेल १० ते १४, क्रोमियम १६ ते १८). खरी डोकेदुखी ९०४एल आणि अलॉय २० ची. ९०४एलची रेंज निकेल २३ ते २८, क्रोमियम १९ ते २३. अलॉय २० मध्ये निकेल ३२ ते ३८, क्रोमियम १९ ते २१. एकाच ग्रेडची एक हीट (वितळवलेल्या धातूचा एक घाण) यादीत आणि दुसरी बाहेर, असं होऊ शकतं. म्हणून ग्रेडच्या नावावर जाऊ नका, हीट नंबरनुसार एमटीसी (मिलचं टेस्ट सर्टिफिकेट) काढा आणि प्रत्येक वेटेड पार्टला (केमिकल लागणाऱ्या भागाला) ती जोडा. शेल कार्बन स्टीलचा आणि आत ग्लास लाइनिंग असेल तर काच धरली जाते, स्टील नाही.

आणि स्पेअर्स! ग्लास लाइन्ड भांड्यांच्या दुरुस्तीसाठी टँटलमचे तयार रिपेअर असेंब्ली मिळतात, तेही यादीत आहेत. पॅकिंग लिस्टमध्ये 'रिपेअर किट, १ सेट' एवढंच लिहून पाठवणारे पुष्कळ आहेत.

वागळे_इस्टेट_४२:
मग पार्टीला ३१६एलवर यायला सांगा ना. कटकट संपली, भावही कमी.

नोझल_आणि_फ्लँज:
@वागळे_इस्टेट_४२ प्रोसेसमध्ये ओलं एचसीएल असेल तर ३१६एल काही महिन्यांतच पिटिंगने जाईल. आणि ३१६एल घेतलं म्हणून सुटलात असं नाही. माल यादीत नसला तरी तो सामूहिक संहाराच्या शस्त्रांसाठी वापरला जाणार हे माहीत असेल, किंवा तसं मानायला कारण असेल, तर २००५ चा डब्ल्यूएमडी कायदा लागू होतोच. कॅच-ऑल म्हणतात ते हेच.

ही यादी कोणाच्या लहरीतून आलेली नाही. इराण-इराक युद्धात रासायनिक अस्त्रं वापरली गेली आणि त्यांची रसायनं व उपकरणं साध्या व्यापारातून गेली होती. त्यावरून १९८५ मध्ये ऑस्ट्रेलिया ग्रुप उभा राहिला. भारत त्यात जानेवारी २०१८ मध्ये आला. औषधाचं इंटरमीडिएट आणि नर्व्ह एजंटचं पूर्वद्रव्य यांना गंज न लागणारं एकसारखंच भांडं लागतं, म्हणून नजर मालापेक्षा वापरणाऱ्यावर जास्त.

सीबीडी_डॉक्स:
आता कागदांचं. अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवर ऑनलाइन, निर्णय दिल्लीत आंतरमंत्रालयीन कार्यगटाकडे. एंड-यूज सर्टिफिकेट खऱ्या वापरणाऱ्याच्या लेटरहेडवर हवं: प्लांटचा पूर्ण पत्ता (पोस्ट बॉक्स चालत नाही), कुठल्या उत्पादनासाठी, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. ट्रेडर मध्ये असेल तर साखळीतला प्रत्येक जण अर्जात दाखवा.

अर्ज परत येतात ते बहुतेक जुळणी नसल्यामुळे. पीओमध्ये व्हॉल्व्ह ६ आणि सर्टिफिकेटमध्ये ८. पीओवर 'रिअ‍ॅक्टर', ड्रॉइंगवर 'मिक्सिंग व्हेसल'. टॅग नंबर, क्षमता, एमओसी (कशाचं बनलंय ते मटेरियल) आणि नग हे चार रकाने पीओ, सर्टिफिकेट, जीए ड्रॉइंग (एकंदर मांडणीचं ड्रॉइंग) आणि इन्व्हॉइसवर अक्षरशः एकसारखे ठेवा.

डिलिव्हरीची मुदत ऑथरायझेशन हातात आल्यापासून मोजायची, पीओच्या तारखेपासून नाही. हे ऑफरमध्येच लिहा आणि एलसीची शेवटची शिपमेंट तारीख त्यानुसार ठेवा, नाहीतर माल तयार होऊन शेडमध्ये पडून राहील. तुमचे सहा आठवडे विसरा. निवडक देशांसाठी जीएईसी नावाची सामान्य परवानगी आहे, पण यूएई ऑस्ट्रेलिया ग्रुपचा सदस्य नाही, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका.

ट्रेडरने एंड यूजरचं नाव द्यायला टाळाटाळ केली, इन्स्टॉलेशन-कमिशनिंग नको म्हटलं, किंवा प्रोसेस न सांगता फक्त एमओसीवर अडून बसला, तर ऑर्डरच घेऊ नका, अर्जाच्या भानगडीतच पडू नका.

टीटीसी_फॅब:
ट्रेडरने फॅब्रिकेशन ड्रॉइंग्ज काल मेलवर मागितली आहेत. ती आत्ता पाठवली तर चालतील?

सीबीडी_डॉक्स:
थांबा. यादीतल्या उपकरणाचं तंत्रज्ञानही नियंत्रणात असतं, आणि मेलने पाठवणं म्हणजे निर्यातच. आत्ता जीए ड्रॉइंग, तेही बाहेरची मापं आणि नोझल शेड्यूल एवढंच. वेल्ड डिटेल, डब्ल्यूपीएस (वेल्डिंगच्या पद्धतीचा कागद) आणि कट प्लॅन (प्लेट कापायचा आराखडा) सध्या तुमच्याकडेच ठेवा. त्यातलं काही द्यावंच लागणार असेल तर अर्जात वेगळी ओळ टाका.