पार्कमधला न उच्चारलेला 'र'

'पार्क' हे कोरियन आडनाव अमेरिकनांच्या सहवासातून आलं असावं, असं कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. आडनाव फार जुनं आहे, उसना आहे तो फक्त 'र'. रांजणगावच्या एका कारखान्यात आमचे एक कोरियन साहेब होते, त्यांनी एकदा कॅन्टीनच्या कुपनामागे मला ते लिहून दाखवलं: तीनच अक्षरं, प, आ, क. उच्चार 'पाक', तोही शेवटचा 'क' तोंडातच गिळून. इंग्रजी वाचणाऱ्याने 'पॅक' म्हणू नये म्हणून रोमन लिपीत मधे 'र' घुसडला, आणि ब्रिटिश पद्धतीत तो उच्चारतच नाहीत. आपण मात्र स्पेलिंग बघून खणखणीत 'पार्क' छापतो! १९९८ ची यूएस विमेन्स ओपन जिंकणारी गोल्फपटू से री पाक 'र' न घालताच लिहायची.

उगमाची गोष्ट तर झकासच आहे. कोरियातल्या प्राचीन सिल्ला राज्याचा संस्थापक ह्योकगोसे भोपळ्याएवढ्या अंड्यातून जन्मला, आणि तिकडे भोपळ्याला 'पाक' म्हणतात, म्हणून ते आडनाव, असं 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातल्या ग्रंथात दिलंय. दंतकथाच ती, पण पाक मंडळी आजही आपलं मूळ याच ह्योकगोसेपर्यंत नेतात.