ऊसतोडीवर जाणारी पोरं आणि शाळा

असा मुद्दा मांडला जातो की ऊसतोड कामगारांना पोरांच्या शिक्षणाची किंमतच नाही म्हणून त्यांची शाळेतून गळती होते, हे मला अजिबात पटत नाही. मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली की बीडकडची कुटुंबं दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात ती मार्च-एप्रिललाच परत, म्हणजे दुसरं सत्र अख्खं गेलंच की. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी, ते पहाटे फडात (तोडणीच्या उसाच्या शेतात) गेल्यावर कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, तान्ह्या भावाला सांभाळणार कोण, तर नऊ-दहा वर्षांची पोरगी! या पोरांसाठी कारखान्याजवळ साखरशाळा निघाल्या त्या चांगल्याच होत्या, पण मजुरांची टोळी फड बदलत फिरते आणि शाळा तिथंच राहते. त्यापेक्षा गावातच आजी-आजोबांजवळ पोरं ठेवून त्यांच्या जेवणाची सोय करणारं हंगामी वसतिगृह मला जास्त पटतं, फक्त ते टोळ्या निघायच्या आधी चालू व्हायला पाहिजे हो, ट्रक भरून गेल्यावर मंजुरी येऊन काय उपयोग? आणि २००९ च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानुसार वर्षाच्या मधेही दाखला नाही म्हणून पोराला परत पाठवता येत नाही, हे कारखान्याजवळच्या शाळांना कोणीतरी ठणकावून सांगा.